‘माझं इंटरनेट बदललंय’ : डिस्ट्रो सांभाळणाऱ्या मंडळींना खुले पत्र

आमची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स या खुल्या प्रणालीची तयार जुळणी, सांभाळणाऱ्या सर्व मंडळींस,

स.न.वि.वि.

नव्या आवृत्तीच्या टिपणात तुम्ही एक ओळ लिहिली आहे : ‘डिफॉल्ट ब्राउझर बदलला आहे.’ बस्स. म्हणजे वेबपाने उघडायला आधीपासून लावून दिलेला प्रोग्राम आता फायरफॉक्स राहिलेला नाही. तिच्या वर कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, माहिती, खाली नव्या वॉलपेपरची. वॉलपेपरला तीन ओळी मिळाल्या आहेत. मी मोजल्या.

मला ही बातमी त्या टिपणातून कळली नाही, मावशीच्या फोनमुळे कळली. ‘‘अरे, माझं इंटरनेट बदललंय. खाली ते केशरी कोल्ह्याचं चित्र होतं ना, ते गेलंय. आता तिथे दुसरंच काहीतरी आहे आणि ते मला पहिल्यापासून सगळं विचारतंय.’’ कोल्हा म्हणजे फायरफॉक्स. मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. ‘ब्राउझर’ हा शब्द तिने कधी वापरलेला नाही, तिला त्याची गरजही पडलेली नाही. तिच्या लेखी खालच्या पट्टीवरचे ते चित्र म्हणजेच कॉम्प्युटर. ईमेल तिथे, बँक तिथे, नातवंडांचे फोटो तिथे, जपून ठेवलेले पासवर्डही तिथेच. अपग्रेड तिने स्वतः केले होते. मीच तिला सांगून ठेवले होते, की अशी खिडकी आली की ‘होय’ म्हण, यात धोका नसतो.

‘यात धोका नसतो’ हे वाक्य माझे होते. म्हणून हे पत्रही मलाच लिहिणे भाग आहे.

माझा संबंध काय, तेही सांगून टाकतो. मी २००९ पासून तुमची डिस्ट्रो वापरतो. दर आवृत्तीच्या आधी चाचणीची प्रतिमा (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून जुन्या लॅपटॉपवर चालवतो आणि सापडलेल्या चुका कळवतो. इन्स्टॉलरच्या भाषांतरातली काही वाक्ये माझी आहेत. एका प्रशिक्षण वर्गातली बावीस मशीन मी सांभाळतो, त्या सगळ्यांवर तुमचीच डिस्ट्रो आहे. शिवाय मावशीसारखी नऊ-दहा माणसे आहेत, ज्यांना मी ‘हे घ्या, हे आपलेच आहे’ म्हणून लिनक्स लावून दिले. त्यांच्यापैकी कुणीही तुम्हाला कधी पत्र लिहिणार नाही. आपल्याकडे म्हणतात ना, मुकी बिचारी कुणीही हाका.

ब्राउझर बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. डिफॉल्ट ही आवडीनिवडीची बाब नसते, एवढेच म्हणणे आहे. ज्याला आवड आहे तो पाच मिनिटांत हवा तो ब्राउझर लावून मोकळा होतो. डिफॉल्ट असतो तो कधीच काही न बदलणाऱ्यांसाठी. तुम्ही त्यांच्या वतीने निर्णय घेता आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

या न बदलण्याची किंमत किती, हे बाजाराला चांगले ठाऊक आहे. अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये एक आकडा बाहेर आला. फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून लावलेले असावे, म्हणून या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजली होती. लोक सहज बदलतात अशा गोष्टीसाठी एवढे पैसे कुणी मोजत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीने मक्तेदारी कायदा मोडल्याचा निकाल दिला, त्यात या डिफॉल्टच्या करारांवरच बोट ठेवले होते.

युरोपातला किस्सा तर आपल्या प्रकरणाच्या आणखी जवळचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१० पासून तिथल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडण्याची खिडकी दाखवायचे कबूल केले होते. मग विंडोज ७ चा पहिला सर्व्हिस पॅक आला आणि मे २०११ ते जुलै २०१२ ती खिडकी गायबच झाली. कंपनी म्हणाली, तांत्रिक चूक. मार्च २०१३ मध्ये दंड झाला ५६.१ कोटी युरोंचा. अपग्रेडच्या गडबडीत निवड हरवली, हे कारण तिथेही कुणी ऐकून घेतले नाही.

आता तक्रारी.

पहिली, आणि मला सर्वांत लागलेली. तुम्ही नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी ब्राउझर बदलला असता तर मी एवढा चिडलो नसतो. तुम्ही तो चालू मशीनवर बदलला. कसा, ते मी मावशीच्या लॅपटॉपवर बसून पाहिले. वेबची लिंक कुठल्या प्रोग्रामने उघडायची, हे ‘माइमॲप्स’ नावाच्या यादीत लिहिलेले असते. एक यादी सिस्टिमची, ती तुमची. दुसरी वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधली, ती त्याची. दोन्हींत नोंद असेल तर त्याची चालते. नियम उत्तमच आहे. पण ज्याने सेटिंगमध्ये जाऊन कधी काही निवडलेलेच नाही, त्याच्या यादीत ती ओळच नसते. मग तुमची ओळ बदलली की त्याचाही ब्राउझर बदलतो. खालच्या पट्टीवरच्या चित्रांचे तेच. ज्याने एकदा तरी एखादे चित्र ओढून इकडचे तिकडे केले, त्याची पट्टी जशीच्या तशी राहिली. ज्याने हात लावला नाही, त्याच्या पट्टीवर नवे चित्र आले.

म्हणजे माझ्या स्वतःच्या मशीनवर काहीही बदलले नाही. मला कळते, म्हणून मी वाचलो. ज्यांनी डोळे मिटून तुमच्यावर विश्वास टाकला, नेमके तेच सापडले. हा मुद्दा तुमच्या बैठकीत कुणाच्या ध्यानात आला नसेल, असे मला खरेच वाटत नाही.

त्यात भर म्हणजे, मुख्य मेटापॅकेजमधून (सोबत कोणते प्रोग्राम यावेत, ती यादी) तुम्ही फायरफॉक्स काढल्यामुळे तो ‘आता गरज नसलेल्या’ पॅकेजांत गणला गेला आणि अपग्रेडच्या शेवटच्या साफसफाईत झाडून निघाला. मावशीने तिथेही ‘होय’ म्हटले होते, मी शिकवल्याप्रमाणे. तिचे बुकमार्क आणि पासवर्ड होम फोल्डरमध्ये मोझिलाच्या (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेच्या) लपलेल्या फोल्डरात सुखरूप होते. पॅकेज परत टाकले, की सगळे जागच्या जागी. पण हे मला माहीत. तिच्या हिशेबी ते चोवीस तास सगळे गेलेले होते. त्या चोवीस तासांत तिने बँकेचा पासवर्ड आठवून आठवून तीनदा चुकीचा टाकला आणि खाते बंद करून घेतले. ते उघडायला आम्हाला आठवडा लागला.

दुसरी तक्रार सुरक्षेची. ब्राउझर म्हणजे दिवसभर परक्यांचा कोड आणून आपल्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम. त्याच्या दुरुस्त्या वेळेवर येणे हे बाकी सगळ्या गुणांच्या वर आहे. क्रोमियम (गूगलच्या क्रोमचा खुला पाया) काय, फायरफॉक्स काय, नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी काढत आले आहेत, आणि मधल्या तातडीच्या दुरुस्त्या वेगळ्या. फायरफॉक्सची एक दीर्घ मुदतीची शाखा आहे, ईएसआर. तिच्यात वर्षभर नवे फारसे काही येत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नियमाने येतात. स्थिर म्हणवणाऱ्या डिस्ट्रोला असे काहीतरी सोयीचे पडते, म्हणून डेबियनसारखा मोठा डिस्ट्रो-प्रकल्प ते वापरतो. क्रोमियमला त्या तोडीची शाखा नाही. दर खेपेला संपूर्ण नवा डोंगर उपसून पुन्हा बांधायचा, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायचा, आणि तो बांधायला ताकदवान मशीनलाही तासन् तास लागतात. डेबियनकडे माणसे तुमच्याहून कितीतरी जास्त आहेत. तरी २०२१ मध्ये त्यांच्या स्थिर आवृत्तीतले क्रोमियम काही महिने मागे पडले होते. तुम्ही किती जण आहात, मला ठाऊक आहे. नवा ब्राउझर क्रोमियमवर बेतलेला आहे. मूळ प्रकल्पाने गेल्या महिन्यात काढलेली दुरुस्ती तुमच्या भांडारात (जिथून सगळ्यांना अपडेट मिळतात) यायला १९ दिवस लागले. तुमच्या कष्टांवर मी शंका घेत नाही. पण जे ओझे तुमच्या खांद्यांना पेलत नाही, ते हजारो लोकांच्या मशीनवर ठेवून कसे चालेल?

तिसरी तक्रार लहान दिसेल, पण वर्गात तिने अख्खा दिवस खाल्ला. नवा ब्राउझर तुम्ही कप्पेबंद, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळे ठेवणाऱ्या, पॅकेजातून देता. कप्पा असावा, सुरक्षेला बरा. पण त्या कप्प्याला स्वतःचे वेगळे ‘टेंप’, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचे, फोल्डर असते आणि होममधल्या लपलेल्या फोल्डरांत त्याला डोकावता येत नाही. आमच्याकडे विद्यार्थी पायथनचा छोटा प्रोग्राम लिहितात. तो टेंपमध्ये वेबपान तयार करतो आणि ब्राउझरला ते उघडायला सांगतो. त्या दिवशी बावीस पडद्यांवर एकच उत्तर : फाइल सापडली नाही. फाइल तर समोर दिसते आहे! एका मुलीने तिचा प्रोग्राम सहा वेळा पुसून पुन्हा लिहिला. तिला वाटले, चूक तिचीच. प्रोग्राम पहिल्याच वेळी बरोबर होता. उबुंटू या डिस्ट्रोने २०२२ मध्ये फायरफॉक्स अशाच बंद पॅकेजात नेला तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला होता, उघडायला लागणाऱ्या वेळापासून ते पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामांशी तुटलेल्या जोडणीपर्यंत. पुढच्याला ठेच लागून झाली होती. मागचे आपण होतो.

चौथी, पैशाची. ती मी सरळच विचारतो : या बदलाबद्दल कुणी पैसे दिले का? नव्या ब्राउझरच्या पहिल्या पानावर प्रायोजित चौकटी आहेत आणि शोधयंत्रही आधीपासून ठरवलेले आहे. त्यामुळे हा प्रश्न मी नाही विचारला तरी कुणीतरी विचारणारच. पैसे घेण्यात पाप नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत आणि तुमच्यातली निम्मी मंडळी रात्री जागून हे काम करतात. लिनक्स मिंट या डिस्ट्रोने जानेवारी २०२२ मध्ये मोझिलाशी करार केला तेव्हा तो जाहीरपणे सांगितला. काय बदलणार, पहिले पान कुठले, शोधयंत्राच्या सेटिंग कुणाच्या, सगळे. ज्यांना पटले नाही त्यांनी निदान कशाशी भांडायचे हे त्यांना कळले. याउलट उबुंटूने २०१२ मध्ये डॅशमधल्या (मुख्य मेन्यूतल्या) शोधाला ॲमेझॉनची दुकानदारी जोडली. ती डिफॉल्टने बंद व्हायला २०१६ उजाडले आणि तोवर लोकांच्या मनातून जे उतरायचे ते उतरले. तुमच्या टिपणात यावर एक अक्षर नाही. करार नसेल तर ‘नाही’ म्हणा, विषय संपला.

पाचवी तक्रार इतिहासाची आहे. ती सांगताना मी थोडा वाहवत जाईन, सांभाळून घ्या.

आज ज्याला आपण क्रोमचे इंजिन (वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग) म्हणतो, त्याचे मूळ आपल्याच अंगणात आहे. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या कॉन्करर ब्राउझरसाठी हौशी मंडळींनी केएचटीएमएल नावाचे इंजिन लिहिले. २००१ मध्ये ॲपलने ते घेऊन वेबकिटची सुरुवात केली, २००३ मध्ये त्यावर सफारी आला. २००८ मध्ये गूगलने वेबकिटवर क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये त्यातून फुटून ब्लिंक काढले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियम धरले. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तसेच जाहीर केले आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज आला. आता मोठी इंजिने उरली तीन : ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यांतले गेको हे एकच असे, की ज्याच्यामागे फोन किंवा जाहिराती विकणारी अजस्र कंपनी मालक म्हणून उभी नाही.

एकच इंजिन उरले की काय होते, हे आपण एकदा भोगले आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि ७ आला २००६ मध्ये. पाच वर्षे जग त्याच खोलीत बसून होते, आणि लिनक्सवाल्यांना तर कित्येक साइटींच्या दारातूनच परत पाठवत. त्या काळात फायरफॉक्सला जगभर पोचवण्यात लिनक्सच्या डिस्ट्रोंचा वाटा होता. आपल्या सगळ्यांकडे तोच तर डिफॉल्ट असायचा.

किल्ली कुणाच्या हातात आहे, याचाही एक दाखला देतो. तुमच्यातल्या जुन्यांना तो आठवत असेल. डिस्ट्रो स्वतः क्रोमियम बांधून देत आणि त्यात गूगलच्या खात्याशी बुकमार्क जुळवायची सोय चालत असे. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले, की १५ मार्चपासून ही सोय बंद. आणि बंद झाली. कोड खुला होता, परवानाही खुला होता, पण सोय त्यांच्या सर्व्हरवर होती. विस्तारांचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचे, तसेच. जुना साचा क्रोमने २०२४ पासून मोडीत काढायला घेतला, त्यामुळे पूर्ण ताकदीचा युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा विस्तार आता फायरफॉक्समध्ये चालतो, क्रोममध्ये नाही. क्रोमियमवर बेतलेल्या इतरांना तो आधार टिकवायचा तर स्वतःच्या बळावर टिकवावा लागतो. आमच्या वर्गातल्या मशीनवर जाहिराती अडवणे ही चैन नाही. ‘डाउनलोड’ असे लिहिलेली खोटी हिरवी बटणे नवशिक्याला कुठे नेतात, ते मी दर महिन्याला पाहतो.

तुमची बाजूही मला कळते. काही साइट फायरफॉक्समध्ये नीट चालत नाहीत, हे खरे आहे. एका व्हिडिओ बैठकीसाठी मी स्वतः दुसरा ब्राउझर ठेवला आहे, लपवत नाही. मोझिलाही धुतल्या तांदळासारखी नाही. तिचे बहुतांश उत्पन्न येते त्या गूगलकडूनच, शोधयंत्राच्या करारातून. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने वापराच्या अटी आणल्या आणि ‘तुमची माहिती आम्ही कधी विकणार नाही’ अशा अर्थाचे जुने आश्वासन पानावरून काढले. मग गदारोळ झाल्यावर अटींची भाषा बदलावी लागली. आणि नाव-चिन्हाच्या वादात २००६ मध्ये डेबियनला फायरफॉक्सचे बारसे ‘आइसवीझल’ असे करावे लागले होते, ते नाव २०१६ पर्यंत चालले. तेव्हा फायरफॉक्सच हवा, असा माझा हट्ट समजू नका. उद्या तुम्ही कारणे मांडून, तोलूनमापून दुसरा ब्राउझर निवडलात तर मी कुरकुरेन, पण मावशीला समजावून सांगेन. आज समजावायला माझ्याकडे तुमची एक ओळ आहे, आणि तीत कारण नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. अपग्रेड करताना आधीपासून वापरात असलेला ब्राउझर बदलू नका आणि काढू नका. ज्याच्या यादीत नोंद नाही, त्याच्या यादीत अपग्रेडच्या आधी त्याचा चालू ब्राउझर लिहून टाका. हे दहा ओळींच्या स्क्रिप्टचे काम आहे. लिहून हवी असेल तर मी देतो.

२. ज्यांचा बदलून गेला आहे, त्यांना पुढच्या अपडेटमध्ये एकदा, साध्या भाषेत विचारा : जुना हवा की नवा? खिडकीत दोघांची चित्रे दाखवा. नावे लोकांना ठाऊक नसतात, चित्रे असतात.

३. बदलामागे करार असेल तर तो जाहीर करा. कुणाशी, कशाच्या बदल्यात, किती काळासाठी.

४. सुरक्षेची दुरुस्ती मूळ प्रकल्पातून निघाल्यावर किती दिवसांत देणार, ते लिहून द्या. सलग दोनदा तो शब्द पाळता आला नाही, तर तो ब्राउझर डिफॉल्ट म्हणून ठेवू नका.

५. दोन्ही ब्राउझर साध्या पॅकेजातही भांडारात ठेवा.

६. पुढच्या वेळी असा निर्णय घेण्यापूर्वी चाचणी करणाऱ्यांना किमान एक चाचणी-आवृत्ती आधी कळवा. या खेपेला शेवटच्या चाचणी-प्रतिमेत फायरफॉक्सच होता. ती मी स्वतः चालवली होती, आणि ‘सर्व ठीक’ असा शेराही मारला होता.

पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीची तारीख तुम्ही जाहीर केली आहे. तोवर पहिल्या चार मागण्यांवर तुमचे हो किंवा नाही, दोन्हींपैकी काहीही, उघडपणे यावे. नाही आले तरी मी शिवीगाळ करणार नाही. बावीस मशीनवर काय ठेवायचे, याचा विचार मात्र मला करावा लागेल.

मावशीचा कोल्हा मी परत आणून दिला आहे. तिने विचारले, की पुढच्या वेळी ती खिडकी आली तर ‘होय’ म्हणायचे का. मी म्हटले, ‘‘आधी मला फोन कर.’’

आपला,
पंधरा वर्षांहून जुना एक वापरकर्ता